चिमूटभर मिठाचा हिशेब

१९४७-४८च्या सुमारास मेलबर्नजवळच्या बुंडूरा इथल्या एका घरातल्या फ्रिजमध्ये खाण्यापिण्याच्या जिनसांशेजारी लघवीच्या बाटल्या ठेवलेल्या असत. घर डॉक्टर जॉन केड यांचं होतं आणि लघवी त्यांच्या मनोरुग्णालयातल्या रुग्णांची. रुग्णालयातल्या एका वापरात नसलेल्या स्वयंपाकघराची त्यांनी प्रयोगशाळा केली होती. तिथे ते ही लघवी गिनीपिगना टोचून बघत. मदतनीस नाही, अनुदान नाही, संशोधनाचं रीतसर प्रशिक्षणही नाही.

केड यांच्या डोक्यात एक कल्पना घोळत होती. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर पडल्यावर ते जपान्यांच्या हाती सापडले आणि साडेतीन वर्षं चांगीच्या युद्धकैदी छावणीत राहिले. तिथे मनानं ढासळलेले सैनिक त्यांनी जवळून पाहिले, आणि या आजारांमागे शरीरातलाच काही बिघाड असावा असं त्यांच्या मनानं घेतलं. थायरॉइडचा स्राव वाढला की एक आजार होतो, कमी पडला की दुसरा. तसंच उन्मादाच्या रुग्णाच्या शरीरात कुठलंसं द्रव्य प्रमाणाबाहेर साचत असेल आणि ते लघवीतून बाहेर पडत असेल, असा त्यांचा तर्क होता.

तो तर्क चुकला. पण वाटेत एक गोष्ट हाती लागली. लघवीतल्या यूरिक आम्लाचा परिणाम तपासायचा तर ते पाण्यात विरघळायला हवं. त्याचा सगळ्यांत चांगला विरघळणारा क्षार म्हणजे लिथियमचा, म्हणून केड यांनी तो वापरला. गिनीपिगना त्रास व्हायच्या ऐवजी उलटंच झालं. मग त्यांनी नुसतं लिथियम टोचून पाहिलं. एरवी हात लावला तरी चीं-चीं करून धडपडणारे ते प्राणी दोनेक तासांत सुस्तावले. उताणं ठेवलं तरी शांतपणे वर बघत पडून राहिले. केड यांनी आधी स्वतः लिथियम घेऊन बघितलं, आणि २९ मार्च १९४८ रोजी एका रुग्णाला द्यायला सुरुवात केली.

लिथियम हे आवर्तसारणीतलं तिसरं मूलद्रव्य, हायड्रोजन आणि हेलियमनंतरचं. १८१७ साली स्वीडनमध्ये योहान आर्फवेडसन यांना ते एका खनिजात सापडलं. दगडात सापडलं म्हणून दगडाच्या ग्रीक नावावरून त्याचं नाव पडलं. आज ते मोबाइलच्या बॅटरीमुळे घरोघरी माहीत आहे. औषध म्हणून जे दिलं जातं ते त्याचं कार्बोनेट, म्हणजे एक पांढरा क्षार. आपल्या रोजच्या मिठातल्या सोडियमचा हा थोरला, पण वजनानं हलका भाऊ. या भावकीतच त्याचे गुण आहेत आणि धोकेही.

ज्या आजारावर ते चाललं, त्याला आज बायपोलर डिसऑर्डर म्हणतात. पुस्तकी मराठीत द्विध्रुवीय विकार. त्याची दोन टोकं असतात. एका टोकाला उन्माद. माणूस तीन-चार तास झोपतो आणि तरी थकत नाही. बोलणं धो-धो. डोक्यात एकातून दुसरी कल्पना निघत राहते. दुकान गहाण टाकून हॉटेल काढायचं ठरतं, रात्री दोनला नातेवाइकांना फोन जातात, उधळपट्टी होते, कुणी अडवलं तर संताप. आपण आजारी आहोत असं त्याला मुळीच वाटत नाही, उलट आयुष्यात इतकं बरं कधी वाटलंच नव्हतं असं वाटतं. दुसऱ्या टोकाला नैराश्य. अंथरुणातून उठवत नाही, जेवण जात नाही, जगण्यात राम वाटत नाही. मधल्या काळात तोच माणूस अगदी पूर्वीसारखा, नोकरी-संसार करणारा. आणि मग काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा फेरा.

हा आजार तसा विरळाही नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता. आयुष्यात कधी ना कधी बायपोलर विकार झालेल्या प्रौढांचं प्रमाण त्यात सुमारे ०.५ टक्के, म्हणजे दर दोनशे माणसांत एक, असं निघालं. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. हा आजार असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते.

केड यांच्या त्या पहिल्या रुग्णाची नोंद डब्ल्यू. बी. या आद्याक्षरांनी झाली आहे. वय ५१, सलग पाच वर्षं उन्मादात. अस्ताव्यस्त, खोडसाळ, वॉर्डात सगळ्यांना नकोसा झालेला. लिथियम सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत त्याला बऱ्या होत आलेल्या रुग्णांच्या वॉर्डात हलवलं, जुलैत घरी सोडलं, आणि तो आपल्या जुन्या कामावर रुजू झाला. ३ सप्टेंबर १९४९च्या ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’त केड यांनी अशा १० उन्मादी रुग्णांची हकिगत छापली. सगळ्यांना गुण आला होता.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर ती खोटी ठरेल. बरं वाटायला लागल्यावर डब्ल्यू. बी.नं गोळ्या सोडल्या. जानेवारी १९४९ मध्ये तो पुन्हा त्याच अवस्थेत दाखल झाला. लिथियम पुन्हा सुरू झालं, मध्ये बंद झालं, परत सुरू झालं. मे १९५० मध्ये तो लिथियमच्या विषबाधेनंच गेला. केड यांनी आपल्या रुग्णालयात हे औषध बंद करून टाकलं. आणि त्या सुस्तावलेल्या गिनीपिगांविषयी पुढे अनेकांनी म्हटलं की ती शांतता बहुधा विषबाधेचीच सुरुवात असावी.

अमेरिकेत तर याच सुमाराला लिथियमचं नाव पुरतं बदनाम झालं होतं. हृदयरोग्यांना मीठ वर्ज्य असतं, म्हणून त्यांच्यासाठी मिठाऐवजी लिथियम क्लोराइड बाजारात आलं होतं. लोक ते जेवणावर हवं तितकं भुरभुरत. १९४९च्या सुरुवातीला काही जण दगावले आणि सरकारनं ते बाजारातून काढायला लावलं. एकाच वर्षात, जगाच्या एका टोकाला एक डॉक्टर लिथियमचा गुण सांगत होता आणि दुसऱ्या टोकाला त्यानं माणसं मरत होती. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या. फरक होता तो फक्त किती घेतलं आणि शरीरात किती साठलं याचा. आणि ते मोजायचं साधन कुणाच्या हाताशी नव्हतं.

ते साधन मेलबर्नमध्येच सापडलं. लिथियम ज्योतीत जाळलं की ती किरमिजी होते. त्या रंगाच्या तीव्रतेवरून द्रव्य किती आहे ते सांगणारं फ्लेम फोटोमीटर हे यंत्र त्या काळात नवं होतं. मेलबर्न विद्यापीठातले एडवर्ड ट्राउटनर आणि त्यांचे सहकारी यांनी १९५१ पर्यंत शंभराहून अधिक रुग्णांना लिथियम दिलं आणि रक्तातलं प्रमाण तपासत राहिले. केड यांच्याइतकं त्यांचं नाव कुणाला माहीत नाही. पण हे औषध पुन्हा वापरण्याजोगं झालं ते या मोजणीमुळे.

पुढचा अध्याय डेन्मार्कमधला. मोगेन्स स्काऊ या डॉक्टरांनी केड यांचा लेख वाचला आणि १९५४ साली नाणेफेक करून काही रुग्णांना लिथियम, काहींना तशीच दिसणारी, औषध नसलेली पोकळ गोळी, अशी तुलना केली. मानसोपचारात अशा धर्तीच्या चाचण्या तेव्हा नुकत्याच सुरू होत होत्या. मग पॉल बास्ट्रुप यांच्या लक्षात आलं की लिथियम चालू ठेवलेल्या रुग्णांना उन्मादाचे झटके तर येत नाहीतच, पण नैराश्याचेही कमी होतात. दोघांनी मिळून ८८ स्त्रियांची काही वर्षांची नोंद मांडली. लिथियमपूर्वी या बायका वर्षातले सरासरी १३ आठवडे आजारात घालवत. लिथियमवर तो काळ दोन आठवड्यांच्याही खाली आला.

लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयातल्या मान्यवरांना हे पटलं नाही. या नोंदीत पोकळ गोळीशी तुलना कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता. शिवाय स्काऊ यांच्या घरातलंच एक माणूस या औषधावर होतं. त्यांच्या धाकट्या भावाला तरुणपणापासून नैराश्याचे झटके येत आणि लिथियमनं ते थांबले होते. म्हणजे हे शास्त्रज्ञ नव्हेत, भक्त आहेत, असा आक्षेप आला. डेन्मार्कच्या जोडीनं मग १९७० साली उत्तर दिलं ते आकड्यांतच. लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ जणींपैकी ४५ जणींना तेच औषध चालू ठेवलं आणि ३९ जणींना नकळत पोकळ गोळी दिली. पाच महिन्यांत पोकळ गोळीवरच्या २१ जणी पुन्हा आजारी पडल्या. लिथियमवरची एकही नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेनं उन्मादावरचं औषध म्हणून लिथियमला परवानगी दिली.

आज पाऊणशे वर्षांनंतरही बायपोलर विकारात पुन्हा झटका येऊ नये म्हणून देण्याच्या औषधांत लिथियम पहिल्या रांगेत आहे. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या बॅलन्स या चाचणीत ३३० रुग्ण होते. झटका टाळण्यात व्हॅल्प्रोएट हे दुसरं औषध नुसतं देण्यापेक्षा लिथियम सरस ठरलं. या आजारात आत्महत्येचा धोका सर्वसाधारण लोकांहून कितीतरी जास्त असतो. २०१३ साली ४८ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा लिथियम घेणाऱ्यांत आत्महत्या पोकळ गोळीवाल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी दिसल्या. मात्र अमेरिकेतल्या ५१९ माजी सैनिकांवर नंतर झालेल्या चाचणीत, चालू उपचारांत लिथियमची भर घालून असा फरक दिसला नाही, आणि ती मध्येच थांबवावी लागली. तेव्हा डॉक्टर या फायद्याबद्दल आशेनं बोलतात, पण हमी देत नाहीत. सगळ्यांना ते लागूही पडत नाही. काहींना उत्तम गुण येतो, काहींना थोडाफार, काहींना अजिबात नाही. कुणाला येईल हे आधी सांगणारी तपासणी अजून डॉक्टरांच्या हाती नाही.

आता त्या भावकीकडे यायला हवं. मूत्रपिंडाला लिथियम आणि सोडियम यांतला फरक नीटसा कळत नाही. रक्त गाळताना मूत्रपिंड सोडियम परत आत ओढतं, तेव्हा त्याच्या बरोबरीनं लिथियमही ओढलं जातं. शरीरात पाणी आणि मीठ मुबलक असलं तर जास्तीचं लिथियम लघवीवाटे निघून जातं. पण पाणी-मीठ कमी पडलं की मूत्रपिंड काटकसरीला लागतं. सोडियमचा कण न् कण वाचवताना ते लिथियमही साठवू लागतं. गोळी तेवढीच, वेळ तीच, आणि तरी रक्तातलं प्रमाण चढत जातं.

हे प्रमाण चढायला फार जागाही नाही. लिटरमागे मिलिमोल या एककात ते मोजतात. रोजच्या संरक्षणासाठी साधारण ०.६ ते ०.८, उन्मादाच्या भरात थोडं जास्त, एकच्या आसपास. दीडच्या वर गेलं की विषबाधेची लक्षणं दिसू लागतात आणि दोनच्या वर जिवाला धोका. अनेक औषधांत पुरेसा डोस आणि घातक डोस यांत ऐसपैस अंतर असतं. इथे ते अंतर दुपटी-तिपटीचं आहे.

म्हणून या औषधाच्या बाबतीत मराठी घरातल्या अगदी साध्या गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. हरतालिकेचा निर्जळी उपास, रमजानचे रोजे, वारीतली ऊन-पावसातली चाल, विदर्भातला मे महिना. जुलाब-उलट्यांचे दोन दिवस. ‘बीपी वाढलंय, मीठ तोडा’ असा दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेला सल्ला. बीपीच्या गोळ्याच बघितल्या तर लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गटातल्या, रामिप्रिल-एनालाप्रिलसारख्या आणि टेल्मिसार्टन-लोसार्टनसारख्या, या सगळ्या लिथियमचं प्रमाण चढवू शकतात. गुडघे दुखतात म्हणून दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसुद्धा. अंग दुखलं तर पॅरासिटामॉल त्या मानानं सुरक्षित. चहाचाही यात हात आहे. चहा-कॉफीतल्या कॅफिनमुळे लिथियम थोडं जास्त बाहेर पडतं, त्यामुळे दिवसाला सहा कप पिणाऱ्यानं एकदम चहा सोडला तर प्रमाण वर सरकू शकतं.

याचा अर्थ लिथियमवरच्या माणसानं उपास करूच नये, वारीला जाऊच नये, असा नाही. आधी डॉक्टरांना सांगायचं, पाणी तोडायचं नाही, मिठाचं प्रमाण एकदम वर-खाली करायचं नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे किंवा औषधाच्या दुकानात गेलं की ‘मी लिथियमवर आहे’ हे पहिलं वाक्य.

विषबाधा ओळखायची कशी? लिथियमवरच्या अनेकांच्या हाताला बारीक थरथर असते. कपबशी किणकिणते, सही वेडीवाकडी येते. ती त्रासदायक, पण धोक्याची नव्हे. धोक्याची थरथर मोठी, झटक्याझटक्याची असते. सोबत उलट्या, जुलाब, अडखळतं बोलणं, तोल जाणारी चाल, गुंगी. घरच्यांना वाटतं, पिऊन आला. अशा वेळी पुढची गोळी न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं असतं. फार चढलेलं लिथियम डायलिसिसनं काढता येतं. उशीर झाला तर मेंदूवरचा काही परिणाम कायमचा राहू शकतो.

सावकाश होणारे परिणाम वेगळे. तहान वाढते, रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागतं. काहींचं वजन वाढतं. थायरॉइड मंदावतो, विशेषतः बायकांचा. त्यावर थायरॉइडची गोळी देता येते, लिथियम बंद करावंच लागतं असं नाही. रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. सगळ्यांत धास्ती असते ती मूत्रपिंडाची. अनेक वर्षं घेतल्यावर काहींची मूत्रपिंडाची क्षमता घटते, आणि पूर्वी विषबाधा झाली असेल तर धोका वाढतो. मूत्रपिंड पूर्ण निकामी होण्याचं प्रमाण मात्र कमी आहे. त्यासाठीच वेळापत्रक असतं. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, थायरॉइड, कॅल्शियम, आणि गरज असेल तर ईसीजी. सुरुवातीला दर आठवड्याला लिथियमची पातळी, स्थिर झाली की वर्षभर दर तीन महिन्यांनी, पुढे बहुतेकांची दर सहा महिन्यांनी, जोडीला मूत्रपिंड आणि थायरॉइड.

बाळंतपणाचा प्रश्न याहून नाजूक. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत लिथियम घेतल्यास बाळाच्या हृदयात दोष राहण्याचा धोका वाढतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात लिथियम न घेतलेल्या मातांच्या शंभर बाळांमागे सुमारे १.१५, तर घेतलेल्यांत २.४१ बाळांना असा दोष आढळला, आणि डोस जितका जास्त तितका धोका जास्त होता. म्हणजे सुमारे दुप्पट, पण तरीही शंभरातल्या ९७-९८ बाळांना नाही. दुसऱ्या पारड्यात औषध थांबवण्याचा धोका आहे. बायपोलर असलेल्या बाईला बाळंतपणानंतरचे काही आठवडे फार जोखमीचे असतात. त्या काळातला तीव्र झटका आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. व्हॅल्प्रोएटचं गणित तर आणखी अवघड. गर्भारपणात ते घेतल्यास सुमारे दहापैकी एका बाळात जन्मजात दोष आढळतो आणि मुलांच्या बौद्धिक वाढीवरही परिणाम होतो. म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते शक्यतो देत नाहीत. लग्न ठरताना आजार लपवायचा आणि दिवस राहिल्यावर घाबरून गोळ्या एकदम बंद करायच्या, ही आपल्याकडे दिसणारी रीत या सगळ्या विचाराला वावच ठेवत नाही.

इतर पर्यायांचेही असेच जमाखर्च आहेत. लॅमोट्रिजिन नैराश्याचा फेरा रोखायला उपयोगी, पण डोस घाईनं वाढवला तर अंगावर जीवघेणं पुरळ उठू शकतं. ओलॅन्झपिनसारखी औषधं उन्माद लवकर आवरतात, पण वजन आणि साखर वाढवतात. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्या बायपोलर माणसाला एकट्याच दिल्या तर तो उन्मादाकडे ढकलला जाऊ शकतो. म्हणून नैराश्यानं आलेल्या रुग्णाला जाणता डॉक्टर ‘कधी झोपेशिवायही भलताच उत्साह वाटला होता का’ असं विचारतो. सिनेमांनी बदनाम केलेले विजेचे झटके म्हणजे ईसीटी. हा उपचार तीव्र नैराश्यात, जेवणखाण सुटलेल्या रुग्णात झपाट्यानं काम करतो. त्याची किंमत म्हणजे त्या काळातल्या आठवणी काहींच्या पुसट होतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्याला भारतात बंदी आहे.

लिथियम स्वतःही झटपट काम करत नाही. उन्मादावर गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर दुसरी औषधं सोबत द्यावी लागतात. रात्री वेळेवर झोप, ठरलेली दिनचर्या, झटक्याची चाहूल ओळखायला शिकणं, समुपदेशन, या गोष्टी औषधाच्या जोडीनं लागतात. त्याऐवजी नव्हे.

आपल्या घरांत मात्र औषधाच्या आधी मीठ-मोहरी येते. वागणं बदललं की दृष्ट काढली जाते, मग ‘बाहेरचं काही असेल’ म्हणून देवऋषी, मग लग्न लावून दिलं की सुधारेल ही आशा. डॉक्टरांची पायरी चढेस्तोवर वर्षं गेलेली असतात. आणि गोळ्या सुरू होऊन सहा महिने बरे गेले की शेजारीपाजारी, आत्या-मावश्या सुरू होतात: ‘आता कशाला त्या गोळ्या? सवय लागेल.’ लिथियमची नशेसारखी सवय लागत नाही. पण ते एकदम सोडलं तर उन्माद पूर्वीपेक्षा जोरानं उसळू शकतो. थांबवायचंच झालं तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली निदान चार आठवडे, शक्यतो तीन महिने घेऊन हळूहळू उतरवतात.

गोळी सोडण्यामागे रुग्णाचं स्वतःचंही कारण असतं, आणि ते सगळंच अडाणीपणाचं नसतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ के रेडफील्ड जेमिसन यांचं या आजारावर संशोधन आहे आणि त्यांना स्वतःला हा आजारही आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अॅन अनक्वाएट माइंड’ या आत्मकथनात त्यांनी मोकळेपणानं सांगितलं की सगळं शास्त्र ठाऊक असूनही त्यांनी वारंवार लिथियम सोडलं. उन्मादातला तो वेग, ती झळाळी हवीशी वाटे. शिवाय औषधाच्या मोठ्या डोसवर त्यांना सलग वाचताच येईना. पुस्तकांत जगणाऱ्या बाईला हा कमी त्रास नव्हता. पुढे डोस उतरवल्यावर वाचन परत आलं. मधल्या काळात त्या मरणाच्या दारातून परत आल्या होत्या. ‘मला सुस्ती वाटते, लिहिता येत नाही’ ही तक्रार म्हणजे कृतघ्नपणा नाही. ती डॉक्टरांना सांगितली तर डोस बदलता येतो. न सांगता गोळी गादीखाली गेली तर काही करता येत नाही.

मानसिक आरोग्य सेवेच्या २०१७च्या त्याच कायद्यानं रुग्णाच्या हाती आणखी एक साधन दिलं आहे. बरं असतानाच त्यानं लिहून ठेवायचं की पुन्हा झटका आला तर कुठले उपचार चालतील, कुठले नकोत, आणि आपल्या वतीनं कोण बोलेल. रात्री-अपरात्री सल्ला हवा असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे.

लिथियमची गोळी स्वस्त आहे. तिच्यावर कुणाचं पेटंट नाही, त्यामुळे तिची जाहिरात करायला कुणी विशेष धडपडत नाही. खर्च आणि खटपट आहे ती रक्ततपासणीची. रक्त शेवटच्या गोळीनंतर बरोबर १२ तासांनी द्यावं लागतं. रात्री नऊला गोळी घेतली असेल तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त देऊन झाल्यावर. आधी घेतली तर आकडा उगाच फुगतो. दुसरी गफलत प्रयोगशाळेतली. काही हिरव्या झाकणाच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून आधीच लिथियमयुक्त हेपारिन घातलेलं असतं. त्यात रक्त घेतलं तर ठणठणीत माणसाच्या अहवालातही विषबाधेचा आकडा येईल. त्यामुळे सकाळच्या रांगेत उभ्या असलेल्या लिथियमवरच्या माणसानं खिडकीपाशी दोन गोष्टी सांगायच्या: काल गोळी किती वाजता घेतली, आणि नळी लिथियमची नको.